रात्री फीडर कोण रिकामा करतं? ओळखायचं आणि बघायचं कसं

परसदार_चिपळूण:
घर चिपळूणजवळ, कौलारू. मागे पेरू, पपई, दोन नारळ आणि कुंपणापलीकडे ओढा. पेरूच्या फांदीला पक्ष्यांना दाणे खायला पाच लिटरच्या प्लॅस्टिक कॅनचा फीडर टांगलाय, खाली पसरट ताटली. फीडरमध्ये बाजरी, तांदळाची कणी, सूर्यफुलाच्या बिया, कच्चे शेंगदाणे. ताटलीत पपईची फोड किंवा केळं. भरतो संध्याकाळी सहाला, कारण सकाळी वेळ नसतो. पहाटे सगळं साफ. दिवसा खारी, सातभाई, बुलबुल, मुनिया येतात आणि कधीतरी कुंपणाकडून मुंगूस. कॅनच्या बुडाला कुरतडून भोक पाडलंय. पपई सालीसकट नाहीशी होते.

कोणालाही हाकलायचं नाहीये, बघायचं आहे. रात्री कोण येतं ते ओळखायचं कसं? शेजारी म्हणतात उंदीर आहेत, औषध टाका. टाकू का?

पाऊलखूण:
औषध अजिबात नको. ब्रोमाडिओलोनसारख्या औषधाने उंदीर लगेच मरत नाही. तो तीन-चार दिवस सुस्तावून फिरतो आणि नेमका तोच गव्हाणी घुबडाला किंवा तुमच्या त्या मुंगसाला आयता सापडतो. विष त्यांच्याही पोटात जातं.

ओळखायला कॅमेऱ्याआधी वाळू वापरून बघा. ताटलीखाली दोन फूट बाय दोन फूट जागा साफ करा, बारीक वाळू रव्याच्या चाळणीने चाळून अर्धा इंच जाडीचा थर द्या. झारीने जेमतेम ओलसर करा आणि फळीच्या कडेने सपाट करून घ्या. जास्त पाणी झालं तर ठसा फुगतो आणि बोटं मोजता येत नाहीत. वाळू कोरडी राहिली तर ठशाची कडा ढासळते. सकाळी ऊन तिरकं असताना बघा, डोक्यावर ऊन आलं की ठसे दिसेनासे होतात.

मांजर असेल तर चार बोटं, नखं उमटत नाहीत. पाच बोटं म्हणजे मुंगूस किंवा उदमांजर. पण मुंगूस दिवसाचं जनावर, त्यामुळे रात्रीच्या वाळूवर पाच बोटांचा मोठा ठसा असेल तर उदमांजरच धरा. उंदीर-घुशीचे पुढचे पंजे चार बोटांचे, मागचे पाच, आणि मध्ये बऱ्याचदा शेपटीची रेघ. खारीचेही तसेच चार-पाच असतात, पण खार रात्री झोपलेली असते.

विष्ठा आणि उष्टंही बघा. उदमांजर विष्ठेला उघड्यावर, उंचावर बसतं: गडग्यावर (दगडी कुंपणावर), पन्हाळीजवळ, आडव्या फांदीवर. विष्ठेत पेरूच्या, पपईच्या, भेरली माडाच्या बिया आख्ख्या असतात. पेरूखाली चावून थुंकलेला चोथा पडला असेल तर फळ वटवाघळाने नेलंय. तो चोथा आणि उष्टी फळं उघड्या हाताने उचलू नका. ताज्या मातीचा ढीग बाहेर टाकलेलं बीळ दिसलं की घूस आहेच.

माझा अंदाज: पपई उदमांजर नेतं, कॅन घूस किंवा उंदीर कुरतडतात. दोघं वेगळ्या वेळी येत असणार.

राळा_वरी:
मूळ घोटाळा संध्याकाळी सहाच्या भरण्यात आहे. पक्षी अंधार पडायच्या आत झोपायला जातात, म्हणजे ते सगळं दाणं तुम्ही उंदरांसाठीच ठेवताय. सकाळी सात वाजता दोन मुठी, साधारण ५० ते ६० ग्रॅम, बस्स. दहापर्यंत संपलं पाहिजे. उरलं तर दुसऱ्या दिवशी एक मूठ कमी. संध्याकाळी पाचला ताटली पुसून आत घ्यायची आणि खालचा सांडा झाडून टाकायचा. सकाळी वेळ नसेल तर मुठी आदल्या रात्री डब्यात मोजून ठेवा, ओतायला अर्धं मिनिट लागतं.

दाणं कोणतं, यावर पाहुणे ठरतात. बाजरी, राळा, कणी यांवर मुनिया, चिमण्या, होले. गहू आणि मका टाकला की पारवे बसलेच म्हणून समजा, आणि एकदा थवा जमला की बाकी पक्षी लांबूनच बघतात. कच्चे शेंगदाणे कोकणात जून ते ऑक्टोबर बंदच ठेवा. दमट हवेत त्यांवर हिरवट बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते पक्ष्यांच्या यकृतावर जातं. धुऊन वाळवले तरी ते जात नाही.

ताटलीचा तळ कापून तिथे डासांची स्टीलची जाळी बसवा. पाणी गळून जातं, बाजरी राहते. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी. दहा मिनिटं ठेवून खळखळून धुवायचं आणि पूर्ण वाळल्यावरच दाणं घालायचं.

पीव्हीसीवाला:
फांदीला टांगलं की खार, उंदीर, मांजर सगळ्यांना जिना तयार. खांब करा. एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आठ फूट, त्यातला दोन फूट जमिनीत काँक्रीट भरून. त्यावर सहा इंची (१६० मिमी) पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा, वर एंड कॅप (तोंड बंद करणारं टोपण), कॅपला मधोमध ३५ मिमीचं भोक. खांबाला पाच फुटांवर होज क्लॅम्प (स्क्रूने आवळायची पट्टी) आवळा, कॅप त्यावर टेकली पाहिजे. नळीचं खालचं तोंड उघडं. खार खांबावरून चढते, नळीच्या आत शिरते, वर बंद मिळतं, परत उतरते. बाहेरून चढायला गुळगुळीत पीव्हीसीवर नख लागत नाही. नळी थोडी डुगडुगली तर उत्तमच.

चूक होते ती अंतरात. फांदी, भिंत, कपड्याची दोरी, सगळ्यांपासून किमान आठ ते दहा फूट हवं, आणि वरूनही फांदी आलेली नको. पावसाळ्यात नळीवर शेवाळ धरतं, महिन्यातून एकदा पुसा, नाहीतर तीच पकड होते.

झुडूपही खांबाच्या फार जवळ नको, मांजर दबा धरतं. आठेक फुटांवर एखादं काटेरी असेल तर बरं, शिक्रा आला की मुनियांना घुसायला जागा राहते.

कोपरा_९:
एवढा खटाटोप कशाला? खांबाला ग्रीस फासा, दाण्यात मिरचीपूड मिसळा. पक्ष्यांना तिखट लागत नाही म्हणे.

पीव्हीसीवाला:
तिखट लागत नाही हे खरं, मिरचीतल्या कॅप्सेसिनची जाणीव पक्ष्यांना नसते. पण पूड वाऱ्याने उडते, खारीच्या आणि भरणाऱ्याच्या डोळ्यात जाते. ग्रीस तर नकोच. पिसांना किंवा केसांना लागलं की निघत नाही, पीस चिकटलं की ऊबही टिकत नाही आणि उडणंही जमत नाही.

निशाचर_७:
आता बघण्याबद्दल. ट्रॅप कॅमेरा, म्हणजे जनावर समोर आलं की आपोआप फोटो काढणारा, घेणार असाल तर ९४० नॅनोमीटरच्या अवरक्त (इन्फ्रारेड) उजेडाचा, अंधारात चमक न दिसणारा घ्या. ८५० वाल्यात लाल ठिपका दिसतो आणि जनावर थबकतं. जमिनीपासून दीड फूट उंच, वाळूपासून सात ते दहा फूट लांब. याहून जवळ लावला तर फोकस सुटतो आणि उजेडाने चेहरा पांढराफटक येतो. तोंड उत्तरेला, म्हणजे उगवतीचं-मावळतीचं ऊन भिंगात येत नाही. समोरचं गवत कापा, नाहीतर सकाळी कार्डवर हलत्या पात्यांचे चारशे फोटो मिळतात. एका वेळी तीन फोटो, मध्ये दहा सेकंद.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी कॅमेरा मुंगूस गाळतो. सेन्सर आजूबाजूच्या आणि अंगाच्या तापमानातला फरक पकडतो, आणि तापलेल्या जमिनीपुढे तो फरक उरत नाही. त्या दिवसांत संवेदनशीलता 'हाय' ठेवा.

कॅमेरा नसला तरी जमतं. खिडकीत अंधार, टॉर्चला लाल जिलेटिन कागदाचे दोन थर. उजेड थेट जनावरावर नको, बाजूच्या भिंतीवर पाडा.

दिवसा मात्र खारीवर लक्ष ठेवा. ती एका जागी बसून, शेपूट झटकत, चिक्-चिक्-चिक् सलग लावते तेव्हा तिचं तोंड कुठे आहे ते बघा. मांजर, धामण किंवा भारद्वाज बहुतेक तिथेच असतो.

परसदार_चिपळूण:
आठ दिवस वाळू पसरली. पाच बोटांचा ठसा मिळाला, गडग्यावर बियांची विष्ठाही. शिवाय छोटे ठसे आणि शेपटीची रेघ. म्हणजे दोन्ही. दाणं सकाळी सुरू केलंय. उदमांजर बघायला मिळावं म्हणून पपई रात्री ठेवत राहू का? आणि माळ्यावर खडबड येते, ते तेच का?

पाऊलखूण:
पपई ठेवू नका. रोजच्या जागी रोज फळ मिळालं की ते घराला सरावतं, आणि मग कुत्रं, रस्ता, शेजाऱ्याचं खुराडं, सगळे धोके वाढतात. झाडावर पिकलेलं एखादं फळ तसंच सोडा, ते पुरतं. त्याऐवजी पाणी ठेवा: मातीचं पसरट भांडं, दोन इंच खोल, मध्ये एक दगड, जमिनीवर, गडग्यालगत. कॅमेरा तिथे वळवा. उन्हाळ्यात फीडरपेक्षा पाण्यावर जास्त जनावरं दिसतात. पाणी रोज बदलायचं आणि काठ घासायचा, डासांची अंडी काठाला चिकटतात.

माळ्यावर तेच असण्याची शक्यता बरीच. आंबेमोहोर भातासारखा वास येतो का बघा, उदमांजराच्या अंगाला तसा येतो. लगेच फट बुजवू नका. आधी दिवसा पिल्लांचा आवाज ऐका. पिल्लं असतील तर ती बाहेर पडेपर्यंत थांबा. नसतील तर अंधार पडल्यावर ते बाहेर गेलेलं कॅमेऱ्यात दिसलं की त्याच रात्री कौलाखालची फट वेल्डेड जाळीने बंद करा. आत अडकलं असं वाटलं तर स्वतः हात न घालता वनखात्याला १९२६ वर फोन करा.