उन्हाळ्यात छत्री: गरज की लोढणं?

पायवाट: छत्री म्हटलं की आपल्याला पाऊसच आठवतो. पण संस्कृतात तिला आतपत्र म्हणतात. आतप म्हणजे ऊन, त्यापासून राखणारं ते आतपत्र. गेली तीन वर्षं मी उन्हाळ्यात छत्रीशिवाय बाहेर पडत नाही. भर दुपारी पायी जाणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. छत्री उघडली की आधी मानेला कळतं. भांगातली कातडी चटचट भाजत असते, ते थांबतं. डोळे बारीक करावे लागत नाहीत, कपाळावरची आठी सुटते. झाडाची सावली गाठायला रस्ता ओलांडायची धडपडही उरत नाही.

मोकळे_हात: असहमत. छत्रीने हवा काही गार होत नाही. बाहेर ४२ अंश असतील तर छत्रीखालीही ४२च. वर एक हात कायमचा अडकतो. माझ्या एका हातात लेकीचं बोट, दुसऱ्यात पिशवी, मग छत्री धरू कशात? वारा सुटला की उलटते. गर्दीत तर तिच्या काड्या थेट दुसऱ्याच्या डोळ्यासमोर येतात. परवा एक काडी माझ्या भुवईला लागली. जरा खाली असती तर डोळा गेला असता! रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा पुरेसा आहे.

पायवाट: भुवईचं वाचून वाईट वाटलं. गर्दीत मी छत्री मिटते, सगळ्यांनीच मिटावी.

भरदुपार: ४२चा आकडा बरोबर आहे, पण हवामान खात्याचं तापमान सावलीतलं असतं. उन्हात उभं राहिलं की वरून किरणांचा माराही सोसावा लागतो. आकाश निरभ्र असेल तर भर दुपारी दर चौरस मीटरला साधारण १,००० वॉट. छत्री अडवते तो हा मारा, आणि हा फरक अंगाला लगेच जाणवतो.
मात्र कापड बघून घ्या. दहा मिनिटं चालल्यावर आतून कापडाला तळवा टेकवून बघा. काळं कापड चांगलंच तापलेलं लागतं आणि ती धग डोक्यावर उतरते. अतिनील किरण अडवायला मात्र विरळ पांढऱ्यापेक्षा तेच बरं. त्यामुळे बाहेरून रुपेरी, आतून गडद अशी घ्यावी. यूपीएफ (कापड अतिनील किरण किती अडवतं त्याचं माप) ५० लिहिलं असेल तर त्या कापडातून जेमतेम २ टक्के अतिनील किरण आत येतात.

मोकळे_हात: कापडातून २ टक्के, मान्य. पण बाजूने आणि खालून येतात त्यांचं काय? कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरण परतवते, ताजा बर्फ तर ८० टक्क्यांपर्यंत. निळ्या आकाशातून विखुरलेले येतात ते वेगळेच. छत्री आहे म्हणून सनस्क्रीन न लावणारे माझ्या घरातच आहेत.

पायवाट: हा मुद्दा पटला. हनुवटीला, हातांना मी लावतेच. आणि छत्री सरळ न धरता सूर्याकडे कलती धरायची, म्हणजे खांदाही सावलीत येतो.

नवा_सभासद: मला घ्यायची आहे, पण पुरुषाने उन्हात छत्री उघडली की लोक वळून बघतात.

भरदुपार: बघू द्या. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१९ मध्ये पुरुषांनीही उन्हाची छत्री वापरावी म्हणून मोहीम काढली होती. ऊन बाई-पुरुष बघत नाही.

मोकळे_हात: बसची वाट बघत उभं राहायचं असेल तर छत्री मान्य. लेकीला घेऊन चालताना मात्र माझी टोपीच.