अनुभव धागा: खिशाला परवडणारा, जवळपासचा थीम पार्क कसा निवडता?

सुट्टी लागली की सगळ्यांच्या डोक्यात तीच दोन-तीन जगप्रसिद्ध नावं येतात, मग विमान, हॉटेल, तिकिटं यांची बेरीज होते आणि बेत पुढच्या वर्षावर जातो. माझं ठाम मत आहे की गाडीने तीन-चार तासांवरचा मधल्या आकाराचा पार्क बहुतेक घरांना जास्त आनंद देतो, फक्त निवडताना थोडा अभ्यास हवा. तर तुमचे अनुभव सांगा, सुरुवात मी करते.

मी सगळ्यात आधी मुलांची उंची मोजते, बूट काढून. मोठ्या रोलर कोस्टरला बऱ्याच ठिकाणी 48 इंच म्हणजे साधारण 122 सेंमी उंची लागते, काहींना त्याहून जास्त. पार्कच्या वेबसाइटवर प्रत्येक राइडची उंची दिलेली असते, ती यादी घेऊन बसायचं आणि धाकट्याला कशाकशात बसता येईल ते बघायचं, तिकिटाचा दर त्यानंतर. धाकट्याला जेमतेम चार राइड मिळणार असतील तर तो पार्क कितीही स्वस्त असला तरी आम्हाला महागच. आणि अदलाबदलीची सोय आहे का तेही विचारा, म्हणजे एक पालक राइड करून येतो तोवर दुसरा लहानग्याला सांभाळतो आणि मग त्याला पुन्हा अख्खी रांग लावावी लागत नाही. बऱ्याच पार्कांत ही सोय असते पण आपण मागितल्याशिवाय कोणी सांगत नाही.

आजी-आजोबांसकट

उंचीचं एकदम पटलं. आमच्याकडे प्रश्न वेगळा, आम्ही सहाजण आणि त्यातले दोघं राइडमध्ये बसणारच नाहीत, त्यांना नातवंडं बघायची असतात. अशा वेळी सरसकट तिकीट असलेला पार्क फार जड जातो. म्हणून आम्ही पेनसिल्व्हेनियातलं नोबल्स निवडलं आणि आता दुसरीकडे जावंसं वाटत नाही. 1926 पासूनचा पार्क आहे, आत जायला पैसे नाहीत, पार्किंगला नाहीत, ज्या राइडमध्ये बसाल तिचेच पैसे. आजी सावलीत बाकावर, आजोबा कॅमेरा घेऊन, कोणालाच वाटत नाही की माझं तिकीट वाया गेलं. घरचा डबा आत नेता येतो, पिकनिकची टेबलं झाडाखाली आहेत.

तिथला फिनिक्स नावाचा लाकडी कोस्टर मूळचा टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओचा, तिथला पार्क बंद पडल्यावर तो सुटा करून इकडे आणला आणि 1985 मध्ये पुन्हा उभा केला. हे ऐकल्यावर आमचे आजोबा त्याच्या सांगाड्याखाली कितीतरी वेळ जोड बघत उभे होते, निवृत्त इंजिनिअर, त्यांना त्या दिवशी याहून मोठा आनंद नव्हता. याच राज्यातल्या ईरीमधलं वॉल्डमिअर पण असंच, प्रवेश आणि पार्किंग फुकट.

एक मात्र, मुलांना सगळंच करायचं असेल तर सुटी तिकिटं घेऊ नका, मनगटावरचा पट्टा घ्या, म्हणजे एकदाच पैसे भरून दिवसभर हव्या तेवढ्या राइड.

दोन मुलींचा बाबा

मी उलट्या बाजूचा. सारखं पाकीट काढायला लागलं की मला त्रास होतो, मुली प्रत्येक वेळी चेहरा बघतात की बाबा हो म्हणतोय का. त्यामुळे मला एकदाच पैसे भरून विषय संपवायचा असतो. इंडियानातलं हॉलिडे वर्ल्ड त्यासाठी फार छान, 1946 ला सुरू झालेलं, सांताक्लॉज नावाच्याच गावात आहे. पार्किंग, थंड पेयं, सनस्क्रीन यांचे वेगळे पैसे नाहीत आणि वॉटर पार्क त्याच तिकिटात. कडक उन्हात चारजणांचं दिवसभराचं पिणं हा केवढा खर्च असतो ते ज्याने भरलाय त्यालाच कळेल. तुलना करताना नुसतं तिकीट बघू नका, पार्किंग, पाणी, जेवण, लॉकर सगळं मिळून बघा.

पासवाली

सीझन पास! दोन-तीनदा जाणार असाल तर बहुधा वसूल होतो. पण माझ्यासाठी खरा फायदा हा की सगळं आजच उरकायचं ही घाई जाते, पोरं दमली की घरी. घेण्याआधी दोन गोष्टी वाचा, कुठल्या तारखांना चालत नाही आणि पार्किंग धरलंय की नाही.

शांत कोपरा शोधणारी आई

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. गोंगाट आणि रांग दोन्ही त्याला असह्य होतात, म्हणून वर्षानुवर्षं आम्ही थीम पार्कचा विचारच केला नव्हता. एका पार्कात चौकशी केली तर काउंटरवरच्या माणसाने खांदे उडवले, ते अजून लागतं मनाला. मग टेनेसीतल्या डॉलीवूडबद्दल वाचलं, त्यांनी 2016 मध्ये अशा मुलांसाठी शांत खोली सुरू केली, मंद उजेड, आवाज नाही, कुटुंबाने येऊन थोडा वेळ बसायचं. तिथे पोचलो तेव्हा लेक आधी त्या खोलीत गेला आणि मग स्वतःहून म्हणाला की आता ट्रेनमध्ये बसू. खरी कोळशावरची वाफेची गाडी आहे ती, त्याला गाड्यांचं वेड. माझ्यासाठी परवडणं म्हणजे हेसुद्धा आहे हो, पैसे भरून अर्ध्या तासात रडत परत यायला लागलं तर कुठलंही तिकीट महागच. अशी मुलं असतील तर रांगेत उभं न राहता ठरलेल्या वेळी बोलवायची सोय आहे का ते आधी ईमेलने विचारा, लेखी उत्तर हाताशी ठेवा.

गाडी नसलेले

गाडीने तीन तास वगैरे ठीक, पण आमच्यासारख्यांनी स्टेशन बघून पार्क निवडावा. कोपनहेगनजवळचं बाकेन, 1583 पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं मनोरंजन उद्यान म्हणतात त्याला. लोकल ट्रेनने क्लॅम्पेनबोर्गला उतरायचं आणि जंगलातून चालत जायचं, वाटेत हरणं दिसतात, प्रवेश फुकट. शहरातलं टिवोली, 1843 चं, सुंदरच आहे, पण तिथे आत शिरायचे वेगळे आणि राइडचे वेगळे.

मोठ्या पोरांची मावशी

तेरा-चौदाची मुलं असतील तर हे सगळं गणित फिरतं, त्यांना कोस्टरच हवेत. शाळा चालू असतानाचा मधला वार मिळाला तर सोनं. गेट उघडताच आधी सगळ्यात मागच्या टोकाला जा, गर्दी पुढच्या राइडलाच अडकते. लाकडी कोस्टर सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा करा, चाकं आणि वंगण दिवसभरात तापतं त्यामुळे संध्याकाळी तो चांगलाच वेगात पळतो. मागच्या डब्यात बसलात तर उतारावर सीटवरून उचलले जाता, पुढे बसलात तर नजारा. आमच्या भाच्याला मागचाच डबा लागतो, त्यासाठी तो दोन गाड्या सोडायला तयार असतो.