गेम नाइटची फक्त एन्ट्री फी नको

एखाद्या संस्थेला मदत म्हणून पैसे जमवायला गेम नाइट, म्हणजे सगळ्यांनी जमून बोर्ड गेम, क्विझ वगैरे खेळायची संध्याकाळ ठेवली, तर एन्ट्री फी जास्त ठेवली की काम झालं असं काहीजण म्हणतात, पण मला नाही पटत, त्याने नवीन माणसं दारातच अडतात. फी कमी ठेवा आणि खेळता खेळता पैसे जमू द्या, म्हणजे फासा परत टाकायचा असेल तर डोनेशन, क्विझमधे क्लू हवा तर डोनेशन, समोरच्या टीमला एक चाल थांबवायची तर जरा जास्त, लोक हसतहसत देतात हो! २००७ पासून दरवर्षी मदतनिधीसाठी ऑनलाइन होणाऱ्या 'डेझर्ट बस'चं उदाहरण बघा, त्यात खेळतात तो अतिशय कंटाळवाणा बस चालवायचा व्हिडिओ गेम, पण लोक जितके पैसे देतील तितके तास खेळणारे खेळत राहतात आणि पुढचा प्रत्येक तास आधीच्यापेक्षा ७ टक्के महाग, तो सगळा पैसा हॉस्पिटलमधल्या मुलांसाठी जातो.

गेम अर्ध्या तासात संपणारे घ्या आणि प्रत्येक टेबलवर नियम समजावणारा एकजण हवाच, नाहीतर नवखे लोक गप्प बसून राहतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. बक्षीस रोख मात्र अजिबात नको, पैसे लावून खेळ असं दिसलं की कायद्याची भानगड होऊ शकते. आणि प्लीज, त्याच रात्री एकूण किती जमले ते सगळ्यांसमोर सांगा, संस्थेची पावती आली की ग्रुपवर टाका.