निकोटिन सोडवायला नाल्ट्रेक्सोन का वापरत नाहीत?

मेंदूमित्र
निकोटिन म्हणजे डोपामिन (मेंदूतलं ओढ लावणारं रसायन), एवढं सांगून सगळे मोकळे होतात. निकोटिन चेतापेशीवरच्या अल्फा-४ बीटा-२ नावाच्या रिसेप्टरला, म्हणजे रसायन बसायच्या जागेला, चिकटतं, डोपामिन सुटतं, इथवर बरोबर. पण मेंदूची स्वतःची अफूसदृश रसायनं, बीटा-एंडॉर्फिन नि एन्केफालिन, तीही या खेळात असतात. ती ज्यावर बसतात तो म्यू-ओपिऑइड रिसेप्टर नसलेले उंदीर पिंजऱ्यातल्या निकोटिन मिळालेल्या कप्प्याकडे ओढलेच जात नाहीत. साध्या उंदराला आधी नालॉक्सोन, म्हणजे ओपिऑइड रिसेप्टर अडवणारं औषध, टोचलं तरी तेच. मग म्यू अडवणारं नाल्ट्रेक्सोन, रोज ५० मिग्रॅ, दारूसाठी चालतं तर सिगारेटसाठी का नाही?

कडूगोळी
कारण माणसांवर ते करून झालंय. २०१३ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब) बघा: दीर्घकाळ सिगारेट सुटण्यात फरक नाही. एकटं दिलं तरी नाही, निकोटिन पॅचच्या जोडीला दिलं तरी नाही. कप्प्याची परीक्षा नव्या ओढीची असते. जुना ओढणारा बरेचदा मजेसाठी नाही, चिडचिड थांबवायला पेटवतो. आणि १९९३ चा प्रयोग तुम्ही सोयीस्कर गाळलात. सतत निकोटिन दिलेल्या उंदरांना नालॉक्सोन टोचल्यावर विथड्रॉवलची (सवयीचा पदार्थ तुटल्यावरच्या त्रासाची) लक्षणं दिसली: अंग झाडणं, दात वाजवणं. जे शमवायचं तेच चेतवलं.

मेंदूमित्र
अहो, तो प्रयोग तर माझ्या बाजूचा! ओपिऑइड यंत्रणा गुंतलेली नसती तर नालॉक्सोनने असं काही झालं असतं का? शिवाय नाल्ट्रेक्सोन बोथट हत्यार आहे, म्यूसोबत कॅपा नावाचा दुसरा ओपिऑइड रिसेप्टरही अडवतं. डायनॉर्फिन हे मेंदूचं आणखी एक अफूसदृश रसायन कॅपावर बसलं की मन खिन्न होतं. म्यूला हात न लावता फक्त कॅपा अडवला तर काय होईल, हा वेगळा प्रश्न. एक औषध नापास झालं म्हणून वाट खोटी ठरत नाही.

पुडीबंद
वाट खरी असेल, पण समोरच्याला गोळी आज द्यायची आहे. तो कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल किंवा खोकल्यासाठी कोडीन घेत असेल, म्हणजे ओपिऑइड औषधंच, तर नाल्ट्रेक्सोनने काही मिनिटांत तीव्र विथड्रॉवल येतं: उलट्या, जुलाब, घाम. आधी ७ ते १० दिवस ओपिऑइड पूर्ण बंद हवं, मेथाडोनसारखं लांब टिकणारं ओपिऑइड असेल तर त्याहून जास्त. उद्या अपघात होऊन मॉर्फिन लागलं तर नेहमीचा डोस लागू पडत नाही.

कडूगोळी
बरोबर. निकोटिनचा रिसेप्टर रिकामा ठेवून पुढची पायरी अडवण्यात हशील नाही. वॅरेनिक्लिन ही सिगारेट सोडवायची गोळी तोच रिसेप्टर अर्धवट चालवतं आणि निकोटिनला जागाही देत नाही. सर्वसाधारण मात्रा: पहिले ३ दिवस ०.५ मिग्रॅ दिवसातून एकदा, चौथ्या ते सातव्या दिवशी तेवढंच दोनदा, मग १ मिग्रॅ दोनदा, एकूण १२ आठवडे. सिगारेट सोडायची आठव्या दिवशी. मळमळ टाळायला जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत. मूत्रपिंड कमजोर असेल तर मात्रा डॉक्टरांनी कमी करायची.
निकोटिनचा गम फसतो तो बहुधा चघळण्यात. झिणझिण्या येईपर्यंतच चावा, मग गालात दाबून ठेवा, झिणझिण्या गेल्या की परत. सतत चावत राहिलात तर निकोटिन पोटात जातं, उचक्या लागतात आणि बरंचसं यकृतातच संपतं. कॉफी किंवा फळांचा रस आधीची १५ मिनिटं नको. तोंड आम्लधर्मी झालं की शोषण घटतं.

मेंदूमित्र
आणि दारू-सिगारेट दोन्ही असलेल्याचं काय? पेल्यासोबत सिगारेट हमखास पेटते.

पुडीबंद
त्याला नाल्ट्रेक्सोन द्याच, पण दारूसाठी म्हणून. यकृताची तपासणी करून. सिगारेटसाठी पॅच वेगळा.