घरामागे लाकडाचा बॉयलर : गोव्यात हवा की नको?

कुळागरी (सत्तरी)
घरामागे, वेगळ्या छपराखाली, लाकूड-सोडणांवर (सोडण म्हणजे नारळाची साल) चालणारा बॉयलर ज्याच्याकडे कुळागर, म्हणजे माड-पोफळींची बाग, आहे त्याने करून घ्यावा आणि गरम पाणी नळाने घरात आणावं, असं माझं ठाम मत आहे.

कल्पना बाहेरची आहे. अमेरिका-कॅनडाच्या थंड मुलखात अंगणात खोपटाएवढी लोखंडी भट्टी असते, तिच्याभोवती पाण्याचं कवच. तापलेलं पाणी जमिनीखालच्या पाइपांतून घरात फिरवून खोल्या उबदार ठेवतात. हाताने जोडजाड करून अशा भट्ट्या बनवणारेही तिकडे खूप आहेत. आपल्याला खोल्या तापवायच्या नाहीत, न्हाणीत पाणी हवं. सत्तरीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे गार पाणी अंगावर घेववत नाही. पावसाळ्यात सोलर नावापुरता उरतो आणि वारा सुटला की वीज जाते. शिवाय माझ्याकडे वरच्या मजल्यावर पाहुण्यांच्या खोल्या आहेत, त्यांना सकाळी पाणी द्यावंच लागतं.

पूर्वी न्हाणीतल्या चुलीवर तांब्याचं भाण असायचं. खाली सोडणं, पिडे (झावळ्यांचे जाड देठ), पोयी (माडाच्या फुलोऱ्याची वाळकी आवरणं) सरकवत राहायचं. धूर कौलांतून जमेल तेवढा बाहेर, उरलेला आईच्या डोळ्यांत. ती चूल घराबाहेर नेली, एवढाच बदल. विटांची भट्टी, तिच्यावर २०० लिटरची स्टेनलेस टाकी, टाकीच्या पोटातून धुराची नळी. इंधन बागेत पडतंच आहे. नाहीतरी ते कोपऱ्यात कुजतं, किंवा कोणीतरी ढीग करून पेटवून देतं.

फोंडेकरीण
भाऊ, आमच्या शेजारच्या घरात अशीच भट्टी आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. सासूबाईंना दमा आहे. पावसाळ्यात सकाळी हवा जड असते, धूर वर जातच नाही. तो कुंपणावरून सरळ आमच्या खिडकीत येतो. त्यांच्याकडे पाणी तापतं तेव्हा आमच्याकडे नेब्युलायझर लागतो. तुमच्या आईच्या डोळ्यांतला धूर घराबाहेर काढलात, चांगलं केलंत, पण बाहेर म्हणजे कोणाच्या तरी दारातच ना?

अमेरिकेचं उदाहरण देताय तर तिथलं पुढचंही सांगा. पाणी हवं तेवढं तापलं की या भट्ट्यांची हवेची झडप आपोआप बंद होते, आग गुदमरते आणि धुमसत राहते. चिमणी बुटकी, त्यात ओलं लाकूड. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढत गेल्या आणि तिथल्या पर्यावरण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०१५ मध्ये नव्या बॉयलरच्या धुरावर देशभर मर्यादा घातली, २०२० पासून ती आणखी कडक केली. कारखान्यात तयार होणाऱ्या यंत्रांची ही गत, मग गल्लीतल्या वेल्डरकडून करून घेतलेल्या भट्टीचा धूर कोण मोजणार?

लोखंडवाला
मी फॅब्रिकेशनचं काम करतो. धुराचं तुम्ही ठरवा, मला जिवाच्या धोक्याबद्दल बोलायचंय.

टाकी कधीही चारी बाजूंनी बंद करू नका. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १,६०० पट जागा लागते. जाण्याची वाट नसेल तर टाकी फुटते, आणि ती फुटताना समोर माणूस असतो कारण लाकूड घालायला कोणीतरी उभं असतंच. टाकीच्या डोक्यावरून एक जाड उघडी नळी वर न्या, थंड पाण्याच्या टाकीतल्या पातळीपेक्षा उंच, आणि त्या नळीवर कुठेही कॉक बसवू नका. गिऱ्हाईक सांगतं, ‘वरून पाणी सांडतं, तिथे एक व्हॉल्व्ह मार.’ मी ते काम घेत नाही.

दुसरं, केमिकलची जुनी पिंपं स्वस्तात मिळतात म्हणून कटर लावू नका. आत उरलेल्या वाफांचा भडका उडतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा भट्टीत वापरू नका, तापला की विषारी धूर सोडतो. आपल्याकडे जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा हलकं आणि आंबट असतं. ते साधं लोखंड आतून खातं, म्हणून स्टेनलेस टाकी घेतली ते बरं केलं. आणि नळाला थंड पाणी मिसळायची सोय हवीच. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी सोलतं. पाहुण्यांचं लहान मूल नळ सोडेल तेव्हा तुम्ही तिथे नसाल.

हिशेबी
मला हे सगळं अनावश्यक वाटतं. १०० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला २.३ युनिट उष्णता लागते. गीझरने केलं तर अडीच युनिट धरा. हवेतली उष्णता ओढून पाणी तापवणारे हीट पंप मिळतात, आपल्या दमट गरम हवेत ते साधारण एक तृतीयांश विजेत तेच काम करतात. पाऊस नसलेले आठ महिने छपरावर सोलर, उरलेल्या चार महिन्यांत हीट पंप. पहाटे उठून कोणाला चूल फुंकायला नको. आणि खरं सांगा, ती चूल पेटवतं कोण? तुम्ही, की घरातली बाई?

कुळागरी
मी पेटवतो. आणि लाकूड मी आणि मुलगा फोडतो.

हिशेब मलाही मान्य आहे, पण तो अर्धाच आहे. सुक्या लाकडाच्या एका किलोत साधारण ४ युनिट उष्णता असते. उघड्या चुलीवरच्या भाणाला त्यातली १५ टक्के मिळाली तरी पुष्कळ, म्हणजे १०० लिटरला जवळजवळ ४ किलो लाकूड. बंदिस्त भट्टी, टाकीतून जाणारी नळी आणि बाहेरून जाड लपेट असेल तर निम्मी उष्णता पाण्यात उतरते. मग सव्वा किलोच्या आसपास भागतं. चौघांचं घर आणि पाहुणे धरूनही रोजचं इंधन एका पाटीत मावतं. हीट पंपाचं म्हणाल तर वीजच गेली की तोही बंद. वादळी रात्रीनंतर आमच्याकडे लाइन कधी येईल याची खात्री नसते.

ताई, तुमच्या सासूबाईंचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा मुद्दा मी टाळत नाही. धुमसणं हे झडपेमुळे होतं, म्हणून मी झडप ठेवलीच नाही. सकाळी एकदाच, भरपूर हवा देऊन, सुकं लाकूड भडकून जाळायचं आणि विझू द्यायचं. उष्णता साठवते ती टाकी, आग नाही. पेटवल्यावर पहिली काही मिनिटं धूर दिसतो, ज्वाळा धरल्या की चिमणीच्या तोंडावर नुसती हवा थरथरताना दिसते. लाकूड मात्र उन्हाळ्यातच फोडून छपराखाली रचलेलं हवं. जुलैत पावसातून उचललेलं सोडण कुठल्याही भट्टीत धूरच करणार.

फोंडेकरीण
तुम्ही करत असाल, पण सगळे असं करणार नाहीत. आमचे शेजारी प्लास्टिकच्या पिशवीने आग पेटवतात, वर थर्माकोल टाकतात. सांगायला गेलं की म्हणतात, आमच्या जागेत आम्ही काहीही करू. तुमचं जवळचं घर किती लांब आहे? आमच्या वाड्यावर दोन भिंतींमध्ये हात पसरण्याइतकीही जागा नाही. दाट वस्तीत ही भट्टी नकोच. चिमणी उंच केली, लाकूड सुकं ठेवलं, तरी नकोच. पंचायतीने थेट मनाई करावी, असं माझं म्हणणं आहे.

माडवाला (पेडणे)
धुरावर एवढी चर्चा झाली, झाडांवर कोणीच बोललं नाही. सोडण हा कचरा नव्हे. माडाच्या आळ्यात सोडणं पुरली की ती पाणी धरून ठेवतात, उन्हाळ्यात झाड तग धरतं, शिवाय सोडणात पोटॅश भरपूर. तुम्ही बागेचं खत जाळताय. आणि पाहुणे वाढले, सोडणं संपली की पुढे काय? तुमच्या तालुक्यात म्हादई अभयारण्य आहे, तिथून मोळी आणणं गुन्हा आहे. स्वतःच्या जागेतलं झाड तोडायचं तरी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याने परवानगी लागते. यंत्र एकदा घरात आलं की ते आपली भूक मागतंच.

हिशेबी
माडवाल्यांशी सहमत. फुकटचं इंधन फुकट नसतं.

कुळागरी
आळ्यात घालायची सोडणं मी आधी बाजूला काढतो, जळतात ती उरलेली सोडणं, पिडे, पोयी, करवंट्या आणि काजूच्या छाटलेल्या फांद्या. पिडा लवकर कुजत नाही आणि पडून राहिला की त्याच्या खळग्यात डासांसाठी पाणी साचतं. राख परत पोफळींना जाते. आमची जमीन आंबट आहे, तिला राख मानवते. पोटॅश राखेत टिकतं, पाणी धरणारा भुसा मात्र जातो हे खरं, म्हणून तर सोडणं वेगळी काढतो. बाहेरून एक मोळीही आणत नाही. तेवढ्यात भागलं नाही तर खोल्या कमी करीन.

पंचायतीच्या मनाईला माझा विरोध आहे. घरांमधलं किमान अंतर, चिमणीची उंची आणि प्लास्टिक जाळल्यास दंड, असा नियम करा, मी पहिला पाळीन. सरसकट बंदी केलीत तर वाड्यांवरच्या म्हाताऱ्या पुन्हा न्हाणीतल्या चुलीपाशी बसतील, कारण गीझरचं बिल त्यांना झेपत नाही.

फोंडेकरीण
अंतराचा नियम लिहिताना मीटरमध्ये लिहा, आणि वाऱ्याच्या दिशेला आजारी माणूस असेल तर काय, तेही त्यात घाला. तोवर माझं मत बदलत नाही.