मदत हवी आहे: विंडोजवर कर्ल चालत नाही

घाटमाथा:
नवीन ऑफिसात विंडोजचा लॅपटॉप दिलाय. लिनक्सवर रोज चालणारी कर्लची (सर्व्हरला वेब-विनंती पाठवणारं टूल) कमांड जशीच्या तशी टाकली तर लाल एरर. फाइलींची यादी देणारं एलएस चालतं मग हे का नाही? आज एपीआय (प्रोग्रामने सर्व्हरशी बोलायची सोय) तपासून द्यायचंय, लवकर सांगा.

सुपारी:
एरर काय ते तरी टाका. कमांड प्रॉम्प्ट का पॉवरशेल?

रानवारा:
डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आतच लिनक्स) टाका आणि मोकळे व्हा, मी विंडोजची एकही कमांड शिकलो नाही आणि काही अडलं नाही.

घाटमाथा:
ॲडमिन हक्क नाहीत. निळी खिडकी आहे. हेडर (विनंतीसोबत जाणारी जादा माहिती) दिला की स्ट्रिंगचं, म्हणजे साध्या मजकुराचं, आयडिक्शनरी होत नाही म्हणतो.

सुपारी:
म्हणजे पॉवरशेल ५.१. त्यातलं कर्ल हे नुसतं एलियस (टोपणनाव) आहे, खाली चालतं पॉवरशेलचं स्वतःचं इन्व्होक-वेबरिक्वेस्ट, त्याला हेडर हॅशटेबलमध्येच, म्हणजे नाव-मूल्य जोड्यांतच लागतात. २०१८ च्या १८०३ अपडेटपासून विंडोज १० मध्ये खरं कर्ल येतं, 'कर्ल डॉट ईएक्सई' असं पूर्ण लिहा.

मोगरा७:
लॉगमधलं मराठी चौकोन चौकोन दिसत असेल तर विंडोज टर्मिनल घ्या, फॉन्ट बदलता येतो.

घाटमाथा:
हेडर गेला! आता जेसन (ठरावीक मांडणीतला डेटा) पाठवला की सर्व्हर बॉडी, म्हणजे पाठवलेला मजकूर, चुकीची म्हणतो.

देवराई:
५.१ बाहेरच्या प्रोग्रामला देताना आतले डबल कोट्स खातं. कशाला झगडताय, पॉवरशेलचंच इन्व्होक-रेस्टमेथड वापरा, उत्तर थेट ऑब्जेक्ट म्हणून हातात येतं, डॉट देऊन हवं ते फील्ड काढा, जेसन चाळणारं जेक्यू टूल लागत नाही. हे एकदा जमलं की परत मजकूर कापत बसावंसं वाटत नाही.

रानवारा:
आणि उद्या सर्व्हरवर लिनक्स आलं की? बोटांना बसलेली कमांड सगळीकडे चालली पाहिजे.

देवराई:
चालत नाहीये म्हणूनच तर हा धागा आहे. एलएसला एलए (लपलेल्या फाइलीही तपशिलात दाखवणारा पर्याय) लावून बघा, तेही अडतं, तिथे फोर्स लागतं. ओळखीचं नाव देऊन वागणूक वेगळी ठेवली हीच चूक, म्हणून तर पॉवरशेलच्या आवृत्ती ६ मध्ये कर्ल आणि डब्ल्यूगेट (तसंच डाउनलोडचं टूल) ही एलियस काढली.

सुपारी:
दोघं नंतर भांडा. घाटमाथा, जेसन फाइलमध्ये ठेवा, नोटपॅडमधून यूटीएफ-८ (सगळ्या लिपी चालणारं एन्कोडिंग) मध्ये सेव्ह करा, आणि ॲट (@) चिन्हासकट फाइलचं नाव कोट्समध्ये द्या, नाहीतर पॉवरशेल ॲटचा अर्थ वेगळा लावतं.

घाटमाथा:
फाइलने झालं. रेस्टमेथडनेही करून बघितलं पण ग्राहकाचं नाव देवनागरीत आहे, तिकडे सगळी प्रश्नचिन्हं.

देवराई:
कंटेंटटाइपमध्ये (पाठवलेला डेटा कसला ते सांगणारा पर्याय) जेसनच्या पुढे चारसेट यूटीएफ-८ जोडा.

घाटमाथा:
आलं नाव नीट. आता काम कर्लनेच देतो, रेस्टमेथड सावकाश शिकेन.