उत्तर: लोणारचं कोडं – A चा आकडा कोणता धरायचा?

प्रेषक: सचिव

मंडळी, रविवारी रात्री आपल्या जिओकॅशचं (जीपीएसने शोधायच्या लपवलेल्या डब्याचं) पान संकेतस्थळाच्या रिव्ह्यूअरकडे गेलं नाही, तर डिसेंबरच्या गावभेटीआधी कॅश प्रसिद्ध होत नाही. घोडं अडलंय ते A पाशी, म्हणजे डब्याच्या अक्षांश-रेखांशात बसणाऱ्या A ते F या सहा आकड्यांतल्या पहिल्यापाशी. दोन चमूंना कोडं दिलं होतं. बाकीचे पाच आकडे दोघांचे जुळले, A मात्र एकाचा 4, दुसऱ्याचा 3. पानावरचा उत्तर तपासणारा चेकर 3 घेत नाही. प्रश्न साधा आहे: पिंक फ्लॉइड या बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या रेकॉर्डवर ‘टाइम’ हे कितवं गाणं? निकाल लावा.

प्रेषक: रेकॉर्डवाले काका

दोन्ही बरोबर. ‘स्पीक टू मी’ आणि ‘ब्रीद’ सलग वाजतात. सुरुवातीच्या सीडींवर ती दोन्ही मिळून एकच ट्रॅक आहे, म्हणजे एकूण 9. नंतरच्या प्रतींवर ती वेगळी, म्हणजे 10. त्यामुळे ‘टाइम’ तिसरं की चौथं हे हातात कुठली प्रत आहे त्यावर. A बसतो अक्षांशाच्या मिनिटांत, दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या घरात. तिथे एकाचा फरक पडला की माणूस सुमारे 184 मीटर बाजूला जातो. शेवटच्या घरात पडला असता तर दोन मीटरसुद्धा नाही, डबा तरीही दिसला असता. नेमका घोळ सगळ्यात महागड्या घरात घातलाय.

गाण्यांच्या लांबीवरही काही बसवू नका. ‘टाइम’ची लांबी काही प्रतींवर 7 मिनिटांच्या अलीकडे छापलीय, काहींवर पलीकडे.

त्यापेक्षा रेकॉर्डचा क्रमांक घ्या. ब्रिटिश प्रतीवर एसएचव्हीएल 804 आहे. 8, 0, 4 असे तीन आकडे आयते मिळतात.

प्रेषक: चिखलीवाल्या ताई

काका, अमेरिकेतल्या प्रतीचा क्रमांक वेगळा आहे आणि आपल्यातल्या निम्म्यांकडे तीच आहे. शिवाय मुलं फोनवर ऐकतात, त्यांना कुठला क्रमांक दिसणार? कोड्याची जबाबदारी बैठकीत माझ्याकडे दिली होती, तेव्हा बदल मी सुचवते. ‘मनी’पासून शेवटपर्यंत किती गाणी आहेत ते मोजा. मनी, अस अँड देम, एनी कलर यू लाइक, ब्रेन डॅमेज, एक्लिप्स: पाच. रेकॉर्डची ती अख्खी दुसरी बाजू. प्रत 9 ची असो की 10 ची, उत्तर पाचच. त्यातून एक वजा केला की A पुन्हा 4. डबा हलवायला नको, चेकरही तोच राहतो.

B तसाच ठेवणार. वेष्टनावरच्या लोलकातून किती रंग बाहेर पडतात? शाळेतलं ‘तानापिहिनिपाजा’ म्हणत बसणारा 7 लिहील. चित्रात 6 आहेत, त्यात पारवा नाही. हा सापळा रास्त आहे, कारण चित्र सगळ्यांसमोर असतं. शेवटी सहा आकड्यांची बेरीज देऊ, म्हणजे उन्हात निघण्याआधीच चूक कळेल.

आणि E, F ची उत्तरं इथे यादीवर लिहू नका. मुलंही वाचतात.

प्रेषक: तबलावाले दादा

C बद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. ‘मनी’च्या मात्रा 7, हे ठीक. पण गिटारचा एकल भाग सुरू झाला की ते चारात जातं. सॅक्सोफोन सातातच आहे. प्रश्नात ‘सुरुवातीच्या नाण्यांच्या आवाजावर’ असं घाला, नाहीतर कोणी गिटार ऐकून 4 आणेल. रूपक या सात मात्रांच्या तालाचे बोल म्हणून पाहिलं तर सात लगेच लागतात.

प्रेषक: कोषाध्यक्ष

रूपक कशाला मध्ये? त्याची सम, म्हणजे पहिली मात्रा, ‘खाली’वर (टाळी नसलेल्या जागी) येते, लोक आणखी गोंधळतील. बोटं मोजा म्हणावं. माझं म्हणणं वेगळं आहे: 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं. बँडच्या नावातच पिंक आहे. हे वर्ष कुठेतरी बसवा की.

प्रेषक: रेकॉर्डवाले काका

पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांवरून ते नाव आलंय, रंगाचा काही संबंध नाही. लोणार निवडलं ते बेसाल्टमधल्या आघात-विवरासाठी. चंद्रावरच्या विवरांशी त्याची तुलना होते ती त्याच कारणाने. तेवढं पुरे. पाणी गुलाबी केलं ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी, ते पानाच्या वर्णनात टाका हवं तर.

प्रेषक: मेहकरवाले भाऊ

आकड्यांचं तुम्ही पाहा, डब्याचं मी सांगतो. विवराच्या आत काही ठेवायचं नाही, तिथे अभयारण्य हाय. डबा आमच्या चुलतभावाच्या वावरात, धुऱ्यावरच्या बाभळीच्या बेचक्यात. त्याची परवानगी लेखी घेतली. दर महिन्याला तोच पाहणार, तसं पानावर लिहा, कारण आपण परदेशातून देखभाल करू असं म्हटलं तर रिव्ह्यूअर मानत नाही. पानावर नकाशात दाखवलेल्या खोट्या बिंदूपासून खरा डबा 3.2 किलोमीटरच्या आत हवा. तो बसतो.

फिल्मची डबी नको. एप्रिल-मे मध्ये झाकण वाकडं होते, मग पावसाळ्यात पाणी शिरते. स्टीलचा डबा कोणीतरी घरी नेईल. 40 मिमीचा पीव्हीसी पाइप घ्या, वीतभर. एका टोकाला टोपी सॉल्व्हेंटने चिकटवा, दुसऱ्या टोकाला आट्याची टोपी. आत नोंदवही झिपच्या पाकिटात, सिलिकाची पुडी आणि पेन्सिल. पेन ठेवू नका, उन्हात शाई वाळते. जमिनीवर काही ठेवाल तर उधई कागद खाते. पुरायला तर नियमातच मनाई हाय. खिळाही ठोकायचा नाही, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा.

बाहेर मराठीत ठळक लिहा: खेळाचा डबा, धोका नाही. पोलीस पाटलाला आधी दाखवून ठेवतो. नाहीतर बंद पाइप पाहून काहून गावभर बोंब?

प्रेषक: सचिव

ताईंचा A आणि दादांची C ची दुरुस्ती घेतली. पानावर 5 पैकी कोड्याची अडचण 2.5, वाटेची अडचण 1.5 लिहू का?

प्रेषक: तबलावाले दादा

कोषाध्यक्ष, रूपकाची सम ‘खाली’वर येते म्हणूनच तर मात्रा मोजायला सोपी जाते. ‘ती ती ना’ पासून धरा.

प्रेषक: मेहकरवाले भाऊ

वाट 2 लिहा. दिवाळीनंतर धुऱ्यावर तूर डोक्याइतकी असते. आणि आट्याच्या टोपीला टेफ्लॉन टेपचे तीन वेढे द्या, जास्त दिले की टोपी पुरती बसत नाही.